दूर देशातली वर्गणी

मुलांनो, कडावच्या गणपतीपुढच्या पेटीत तुम्ही नाणे टाकता ना? तशीच वर्गणी अमेरिकेतल्या चर्चमध्येही जमे. परदेशी धर्मप्रसारक पाठवण्यासाठी तिथे १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले. गावोगावच्या चर्चमधला पैसा त्याच्याकडे येई. त्यातून प्रवासखर्च, पगार, छापखाने, शाळा चालत. १८१३ मध्ये त्यांची माणसे मुंबईला पोचली. १८२७ मध्ये शिक्षिका सिंथिया फरार आल्या. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांनी मुलींना शिकवले. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडेच घेतले!

देणाऱ्यांना धर्म पसरवायचा होता. इथे मुलींच्या हाती पाटी आली. म्हणून पैसा कुणी दिला, कशासाठी दिला आणि त्याचे झाले काय, हे तिन्ही प्रश्न विचारायचे, बरं का!