अकराशे पेडल

बाबांच्या अ‍ॅटलसचं फ्रीव्हील फेल झालं तो 1986 चा मे महिना होता. तेंदूपत्त्याचा हंगाम. बाबा फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, दिवाणजीचं काम करायचे. 70 पानांचा एक पुडा, असे पुडे दिवसभर मोजून घ्यायचे. मी नऊ वर्षांचा. शाळेला सुट्टी, म्हणून त्यांच्या मागे कॅरिअरवर बसून जायचो. त्या दिवशी मुरूमगावच्या बाजूने धानोऱ्याकडे परत येताना एका चढावर त्यांनी जोर लावला आणि पाय एकदम मोकळे फिरले. पेडल गरागरा, चाक जागच्या जागी. फ्रीव्हीलच्या पोटात जे दोन छोटे कुत्रे असतात, पाय मारला की आतल्या दातांना धरतात आणि थांबला की सोडतात, ते झिजून गेले होते.

बाबांनी सायकल मोहाच्या झाडाखाली उलटी केली. पिशवीतून बारीक तार काढली. फ्रीव्हीलच्या दोन दातांच्या फटीतून घेऊन ती मागच्या आऱ्यांना पिळून बांधली. अशी तीन ठिकाणी. टोकं दगडाने ठेचून आत वळवली, चेन चढवली आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. चाकाबरोबर पेडलही फिरू लागलं. तार असलेला दात चेनखाली आला की ‘टक्’ असा आवाज यायचा.

‘‘पाय दूर ठेवजो,’’ बाबा म्हणाले, ‘‘आता हे थांबत नाही.’’

पुढचा उतार मला अजून आठवतो. एरवी उतार लागला की बाबा पाय स्थिर ठेवून विडी पेटवायचे. त्या दिवशी त्यांचे पाय चाकाच्या वेगाने फिरत होते आणि ते मागे दाब देऊन चाकाला आवरत होते, जसं उतारावर बंडीच्या बैलाला आवरतात. घरी पोचल्यावर त्यांनी मांड्यांना तेल चोळून घेतलं. नवं फ्रीव्हील आणायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस बाबा तारेवरच गेले-आले.

तेव्हा आमच्या भागात ज्याला चाक म्हणावं असं सायकलचंच होतं. चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. नकाशावर जिल्हा आला तरी रानातल्या वाटा होत्या तशाच होत्या. एसटी मोठ्या रस्त्याने जायची. तिथून आत जायचं तर पाय किंवा सायकल. पोस्टमन, मास्तर, वनरक्षक, नर्सबाई, फळीवरचे दिवाणजी, सगळ्यांकडे तीच काळी, दांडीची, 28 इंची चाकांची पोलादी सायकल. कुणाची हर्क्युलिस, कुणाची हिरो, आमची अ‍ॅटलस. हर्क्युलिस काढणारी टीआय कंपनी मद्रासला सुरू झाली 1949 मध्ये, अ‍ॅटलसचा कारखाना सोनीपतला निघाला 1951 मध्ये, हिरो लुधियानात 1956 मध्ये. तिघींचे छर्रे, कॉटर पिना, आरे एकमेकींना बसत. धानोऱ्याच्या मिस्त्रीकडे एका डब्यात तिन्ही कंपन्यांचं सामान मिसळून पडलेलं असे आणि त्याला कधी अडत नसे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वीस किलोचं ते धूड नागपूरपासून कितीही लांब मोडलं तरी त्याला जोडणारा माणूस एका गावाच्या अंतरावर असायचा.

तारेशिवायची न थांबणारी सायकल पहिल्यांदा पाहिली ती सात दिवसांच्या सायकलवाल्याकडे. गावोगाव यायचा तो. मैदानात खांब रोवायचा, भोंगा लावायचा आणि सात दिवस सायकलवरून खाली उतरायचा नाही. जेवण वर, अंघोळ वर, दाढी वर. रात्री आम्ही कंदील घेऊन पाहायला जायचो. तो सायकल उलटीही चालवायचा, मागे मागे पेडल मारत. मी बाबांना विचारलं, आपली सायकल अशी मागे का जात नाही? बाबा म्हणाले, ‘‘त्याची बांधलेली आहे. आपली बांधली होती तेव्हा आपलीही गेली असती.’’

मग बरीच वर्षं मध्ये गेली. 2004 ते 2011 मी पुण्यात होतो, सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात. खोली कोथरूडला. कर्वे रस्त्याने रोज सायकलने जायचो. एकेकाळच्या सायकलींच्या शहरात तेव्हा सायकलवाल्याला रस्त्याची कड तेवढी उरली होती. 2009 च्या सुमारास नळस्टॉपच्या सिग्नलला एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. उभा म्हणजे पाय न टेकता, पेडल इंचभर पुढे, इंचभर मागे करत, तोल सांभाळत. सायकल जुनी पोलादी, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. माझी नजर आपोआप मागच्या चाकाकडे गेली. तार नव्हती. तरी पेडल मागे गेलं की चाक मागे जात होतं. हिरवा दिवा लागायच्या आत मी त्याला विचारलं आणि त्याने सांगितलं, फिक्स्ड गिअर. बाबांच्या त्या आठ दिवसांना नाव असतं हे मला तेव्हा कळलं.

नंतर वाचत गेलो. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 1885 मध्ये रोव्हर काढली, आज आपण जिला सायकल म्हणतो तिची ती आई. तिचं चाक बांधलेलंच होतं. फ्रीव्हील रूढ झालं ते 1900 च्या आगेमागे. म्हणजे आधी सगळं जग पाय न थांबवता सायकल चालवत होतं. उतारावर पाय मोकळे ठेवणं ही नंतरची सोय. ट्रॅकच्या शर्यतींत अजूनही बांधलेलंच चाक लागतं, आणि ब्रेकही नसतो. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांच्या टीम स्प्रिंटमध्ये मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या. दोघीही भंडारा जिल्ह्यातल्या, आमच्याच झाडीपट्टीतल्या, धानाच्या बांध्यांमधून आलेल्या मुली. ते वाचलं त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत सुटलो होतो.

2011 ला मी परत आलो. धानोऱ्यात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं. आमचं गाव तिथून सहा किलोमीटर. मोटरसायकल घे, असं सगळ्यांनी सांगितलं. मी बाबांची अ‍ॅटलस माळ्यावरून काढली आणि तिचं चाक कायमचं बांधायचं ठरवलं.

नवी, हलकी, अ‍ॅल्युमिनियमची सायकल घेण्याचा विचार मनात आला नव्हता असं नाही. पण ती मोडली तर धानोऱ्यात तिला वेल्डिंग मारणारा कोण? पोलादाची नळी चिरली तर ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा माणूसही ती जोडतो. दुसरं कारण मागच्या काट्याचं. जुन्या दांडीच्या सायकलला चाक बसवायच्या खाचा मागच्या बाजूला उघड्या आणि लांब असतात, चाक मागे ओढून चेन ताणता येते. बांधलेल्या चाकाला चेन नेमकी ताणलेलीच लागते; सैल राहिली तर उतारावर निसटते, आणि मग पायाने चाक आवरता येत नाही. आजच्या पुष्कळ सायकलींना ती खाच उभी असते, तिथे चाक मागे सरकत नाही.

पहिला प्रयत्न फसला. मिस्त्रीने फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून ते जाम केलं. दिसायला पक्कं काम. पण फ्रीव्हील हबवर ज्या आट्यांवर बसतं त्या पुढे पेडल मारलं की आवळतात आणि मागे दाब दिला की सुटतात. सप्टेंबरात नाल्याच्या उतारावर मी मागे दाब दिला आणि सगळं फ्रीव्हील सुटून हबवर मोकळं फिरलं. ब्रेक ठेवले होते म्हणून बैलबंडीच्या मागे थांबलो. बांधलेल्या चाकाला ब्रेक नको, असं सांगणारे पुण्यातही भेटले होते. मी कुणालाही तसं सांगणार नाही.

मग पुण्याहून ट्रॅकचा हब मागवला. त्यावर दातांच्या चक्रीपुढे उलट्या आट्यांची एक रिंग बसते, ती चक्रीला सुटू देत नाही. आता अडचण भोकांची. आपल्या जुन्या सायकलच्या मागच्या रीमला 40 भोकं आणि पुढच्या रीमला 32. हब 32 चा. मिस्त्री जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, पुढचीच रीम मागे घालू. तशी घातली. हब किंचित रुंद होता, तर त्याने मागचा काटा दोन्ही हातांनी फाकवून चाक आत बसवलं. पोलाद वाकतं आणि सांगाल तिथे राहतं. चाकाचा आउट काढायला त्याला तासभर लागला. एक आरा आवळायचा, चाक फिरवायचं, काट्याला लावलेल्या खडूकडे डोळे लावायचे, पुन्हा पाव फेरी.

पुढे 44 दात, मागे 18. एका पेडलला सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. फुकटची एकही फेरी नाही, त्यामुळे हिशेब नेमका राहतो. घर ते दुकान सुमारे अकराशे पेडल. पहिल्या पावसाळ्यानंतर मला मोजावं लागलं नाही. चारशेच्या आसपास मोरी येते, सातशेला ऐनाची ओळ संपून बांध्या लागतात, नऊशेला धानोऱ्याचे पहिले दिवे. वारा समोरून असला तरी तेवढेच, मागून असला तरी तेवढेच. पहिल्या महिन्यात गुडघे बोलत होते. वळणावर आतलं पेडल जमिनीला घासतं हे एकदा आपटून कळलं, तेव्हापासून वळणाआधीच वेग आवरतो. पायजम्याचं टोक कायम मोज्यात खोचलेलं, कारण ही चेन कापड धरलं की सोडत नाही.

खरी किंमत कळते पावसात. ओल्या पोलादी रीमवर रबर नुसतं घसरतं. जुलैत ब्रेकचा दांडा आवळला तरी सायकल बऱ्याच पुढे जाऊन थांबते, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. पायाने आवरलेलं चाक मात्र पाण्याला जुमानत नाही. चिखलात चाक घसरू लागलं तर ते आधी तळव्याला कळतं, डोळ्याला मागून.

या वर्षांत रस्ता बदलला. चंद्रपूर-गडचिरोली-धानोरा-मुरूमगाव हा राष्ट्रीय महामार्ग 930 झाला, मोटरसायकली घरोघरी आल्या. तीन किलोमीटरवरच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये 1,800 हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि त्या कागदांच्या झेरॉक्स काढायला लांबलांबच्या गावांतून माणसं माझ्याकडे आली. कितीतरी जण सायकलनेच. 3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. बाबा तेव्हा होते. त्यांनी बातमी दोनदा वाचून घेतली आणि संध्याकाळी सायकल पुसायला बसले.

सायकल पुन्हा दिसू लागली ती मुलींमुळे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी दहाच्या सुमारास त्यांची रांग माझ्या समोरून येते, दप्तरं कॅरिअरला, ओढण्या कमरेला.

गेल्या जुलैत त्यांतली एक दुकानापुढे थांबली. पेडल मोकळं फिरत होतं. मिस्त्रीचं दुकान त्या दिवशी बंद. मी तार काढली, तीन ठिकाणी बांधली, टोकं आत वळवली. तिला ओढणी काढून दप्तरात ठेवायला सांगितलं, आणि पाय थांबवू नको, उतारावर दोन्ही ब्रेक धर, हेही. माझ्या चाकाकडे बघून तिने विचारलं, ‘‘काका, तुमचंही फेल आहे का?’’

‘‘नाही, माझं मुद्दाम बांधलंय. प्रत्येक पेडल चाकाला लागतं. घरापर्यंत अकराशे होतात.’’

ती टक् टक् करत गेली. तीन दिवसांनी तार परत द्यायला आली, नीट गुंडाळलेली. नवं फ्रीव्हील बसवलं होतं.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘आमच्या घरापर्यंत सातशे चाळीस भरतात.’’