गाडी पेढीच्या नावावर, संरक्षण कोणाला?

चातुर्मासात मुनिदर्शनासाठी, कुंथलगिरी किंवा कुंभोज-बाहुबलीच्या यात्रेसाठी सारे कुटुंब एकाच मोटारीने निघते. त्या मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना मात्र आपले लक्ष हप्ता आणि नो-क्लेम बोनस यांवरच असते. ‘प्रवाशांचा अपघात विमा जोडायचा का?’ या प्रश्नाला एजंट सांगेल ते उत्तर आपण देतो.

बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे पाहताना एक गोष्ट वारंवार नजरेस येई. घसाऱ्याची वजावट मिळावी म्हणून मोटार पेढीच्या नावावर घेतलेली असे. करदृष्ट्या ते योग्यच. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये मालक-चालकासाठी किमान १५ लाख रुपये केलेले सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण अशा गाडीवर मिळत नाही. ते परवानाधारक व्यक्तीसाठी आहे. भागीदारी संस्था किंवा कंपनी ही गाडी चालवणारी व्यक्ती नव्हे. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि मुलगा चालवीत असेल, तर तोही ‘मालक-चालक’ ठरत नाही.

अशा वेळी जादा हप्ता भरून नावानिशी किंवा आसनसंख्येप्रमाणे प्रवाशांचा अपघात विमा जोडता येतो. आसनांनुसार घेतलेल्या विम्याची मर्यादा सर्वसाधारणपणे माणशी २ लाख रुपये असते. ही रक्कम मृत्यू किंवा ठरावीक स्वरूपाचे कायमचे अपंगत्व आल्यासच मिळते. हाड मोडून आठवडाभर रुग्णालयात राहावे लागले, तर त्याचे बिल यातून फिटत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. रुग्णालयाच्या खर्चासाठी कुटुंबाचा आरोग्य विमा प्रथम पुरेसा करावा. अपघातातील दुखापतीला त्यात सुरुवातीच्या ३० दिवसांची प्रतीक्षा लागू नसते. नंतर घरातील प्रत्येक कमावत्या व्यक्तीची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. गाडी कोणाचीही असो, ते संरक्षण त्या व्यक्तीबरोबर राहते. या दोन्ही गोष्टी झाल्यावर, गाडीत वृद्ध नातलग, पाहुणे, सहयात्री नेहमी बसत असतील, तर प्रवासी विमा अवश्य जोडावा. हप्ता बेताचाच असतो. गाडीवर पगारी चालक असल्यास त्याच्या संरक्षणाचीही नोंद पाहावी.

जयणा म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहणे. पुढील नूतनीकरणापूर्वी आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून दोन्हींवरील नाव एकदा वाचावे. पेढीच्या हिशेबात गाडीची किंमत लिहिलेली असते; ती चालवणाऱ्याची तरतूद घरानेच करायची असते.