थोड्या खर्चांत खेळाचा संगणक

घरांतील एखादा मुलगा "खेळासाठीं संगणक हवा" असें म्हणूं लागला, कीं वडील मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. असले खेळ चांगले कीं वाईट, या वादांत आज आम्ही शिरत नाहीं. संगणक घ्यावयाचें ठरल्यावर पैसा कोठें घालावा व कोठें राखावा, एवढाच आमचा विषय आहे. आणि तो आम्ही पदरमोड करूनच शिकलों आहों.

आमच्या पुतण्यासाठीं प्रथम आम्हीं तयार जोडलेला संगणक आणला. कांचेचें कॅबिनेट, आंत रंगीबेरंगी दिवे, आणि दुकानदारानें केलेली प्रोसेसरची स्तुति, एवढ्यावर आम्ही भुललों. आठव्या महिन्यांत, गेलेली वीज परत येतांच, आंतून जळका वास आला. एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरील वीज आंतील भागांस योग्य दाबानें पुरविणारी पेटी, जळाली होती व तिनें आपल्याबरोबर मदरबोर्डही नेला होता. पेटीवर कोणत्याही ओळखीच्या कंपनीचें नांव नव्हतें. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण त्या दिवशीं आम्हांस नव्यानें कळली.

दुसऱ्या खेपेस मातोश्रींनीं आपल्या मुदत ठेवीचें व्याज पुढें केलें, पण अट घातली, "प्रत्येक वस्तु कशासाठीं, हें मला समजेल असें सांग, मगच पैसे." नातू कागद घेऊन आजीपुढें बसला.

त्यानें केलेली मांडणी अशी : खेळांतील चित्रें रेखाटण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें, म्हणून एकंदर रकमेचा तिसरा हिस्सा, क्वचित् थोडा अधिकही, त्यालाच द्यावा. १९२० × १०८० बिंदूंच्या साध्या पडद्यासाठीं, २०२१ मध्यें निघालेलें, ८ जीबीचें रेडिऑन आरएक्स ६६०० पुरेसें होतें. प्रोसेसर मध्यम असावा. २०२२ सालचा सहा कोअरचा रायझेन ५ ५६०० त्यानें निवडला. त्याच्या खोक्यांतच पंखा येतो, ही आणखी बचत. मदरबोर्ड मात्र जुळणारा हवा : या प्रोसेसरच्या एएम४ बोर्डावर डीडीआर४ रॅम बसते, नव्या एएम५ वर केवळ डीडीआर५.

रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेतां ८ जीबीच्या दोन घ्याव्या. विहिरीला दोन रहाट असले कीं पाणी लवकर भरतें. आमच्या जळलेल्या संगणकांतील दोन पट्ट्या शाबूत निघाल्या व तेवढा खर्च वांचला. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव फार चढले, तेव्हां या काटकसरीचें मोल आम्हांस अधिकच कळलें. एसएसडी एक टीबीची घ्यावी, कारण आजचे कांहीं खेळ एकेकटे १०० जीबीहून अधिक जागा अडवितात.

आतां ती पेटी. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ वॅटचें. दोन्ही मिळून सुमारें २००. इतर भाग व क्षणिक उसळी धरली तरी ५०० वॅटची चांगली पेटी पुष्कळ होते. ७०० चा आंकडा छापलेली बिननांवाची पेटी नको. 'ऐंशी प्लस' ही खूण वीज किती कमी वाया जाते तें सांगते. पेटी सुरक्षित आहे असें ती सांगत नाहीं. म्हणून कंपनीचा लौकिक व हमीचीं वर्षें पाहावीं.

"आणि हे दिवे?" मातोश्रींनीं विचारलें.

"त्यांनीं खेळ तसूभरही वेगानें चालत नाहीं, आजी."

"मग वगळ."

ज्यांची थैली याहून लहान असेल, त्यांनीं रायझेन ५ ५६००जी घ्यावा. चित्रें काढण्याची सोय त्याच्या पोटांतच असते. हलके खेळ त्यावर चालतात व कार्ड पुढें सवडीनें बसवितां येतें. साध्या ५६०० मध्यें ती सोय नाहीं. कार्डावांचून त्याचा पडदा काळाच राहतो.

आमचें पालकांस सांगणें इतकेंच, कीं पैसे देण्यापूर्वीं मुलाकडून असा कागद लिहवून घ्यावा. कागद ज्याला लिहितां येतो, त्याला दुकानदार सहसा फसवूं शकत नाहीं. आमच्याकडे अजूनही वीज जाऊन आली, कीं मातोश्री देवघरांतून हांक मारतात, "पेटी शाबूत आहे ना रे?" आजवर ती शाबूत आहे.