नगरची चढाई, गोरगानची पकड

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कॅस्पियन समुद्रानजीकच्या अस्तराबाद नावाच्या इराणी शहरातून, गुलाम अली हिंदूशाह नावाचे एक विद्वान गृहस्थ आपल्या अल्पवयीन पुत्रासह दक्षिणेत आले आणि अहमदनगरच्या निजामशाही दरबारात शाहजादा मिरान हुसेन यास फारसी शिकविण्याच्या कामावर रुजू झाले. त्यांचा तो पुत्र मुहम्मद कासिम शाहजाद्याचा सहाध्यायी म्हणून याच नगरात वाढला, येथल्याच लष्करी चाकरीत शिरला, आणि १५८९च्या सुमारास गादीसाठी माजलेल्या रक्तपातातून बचावून विजापुरास गेल्यावर, इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने जो बृहद् इतिहासग्रंथ सिद्ध केला, त्यामुळे ‘फेरिश्ता’ या नावाने विख्यात झाला. अस्तराबादास आज गोरगान म्हणतात. आणि फेरिश्त्याच्या या जन्मगावी नोव्हेंबर २०१७ मध्ये पुरुष व महिला या दोन्ही गटांची आशियाई अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा भरली, ही गोष्ट अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाने अगत्याने ध्यानी ठेवावी अशी आहे. जेथून एके काळी नगरास शिक्षक आला, त्या मुलखात आता मराठी मातीतला खेळ राष्ट्रीय प्रतिष्ठेचा विषय झाला आहे.

गोरगानच्या त्या स्पर्धेत दोन्ही अजिंक्यपदे भारताकडे आली. पुरुषांनी अंतिम सामन्यात पाकिस्तानला ३६-२२ असे नमविले, आणि मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे हिच्या नेतृत्वाखाली महिलांनी दक्षिण कोरियाचा ४२-२० असा पराभव केला. हे आकडे वाचणाऱ्याची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे की, आशियाई कबड्डी म्हणजे भारताच्या विजयाची एक ठरीव वहिवाट आहे. ही समजूत बरीच वर्षे खरीही होती, आणि माझ्या मते खेळाच्या दृष्टीने ते सुलक्षण नव्हते.

या स्पर्धेची जडणघडण पाहिली म्हणजे त्याचे कारण उमगते. हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचेच, निरनिराळ्या प्रांतांतील निरनिराळे शिरस्ते मोडून त्यास एका नियमावलीत बसविण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. आणि शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या, आयुष्य या एका खेळास वाहिलेल्या पुरुषांनी तो गावोगाव नेला. १९७८ साली भिलई येथे आशियाई संघटनेची स्थापना झाली आणि १९८० साली कलकत्त्यास पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. बीजिंगच्या १९९० सालच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीस पदकाचे स्थान मिळाले. महिलांना मात्र त्यासाठी २०१०च्या ग्वांगझूपर्यंत थांबावे लागले. ही वीस वर्षांची दिरंगाई मला आजही खटकते; कारण या देशात महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून चालू होत्या, आणि खेळणाऱ्या मुलींची वाण कधीच नव्हती.

ज्यांनी हा खेळ केवळ दूरचित्रवाणीवर पाहिला त्यांच्यासाठी त्याची रचना थोडी उलगडून सांगितली पाहिजे. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, महिलांचे बारा बाय आठ. दोन्ही बाजूंस एकेक मीटरची राखीव पट्टी, जी झटापट सुरू झाल्यावरच खेळात येते. चढाई करणाऱ्याने तीस सेकंदांच्या आत, दम न सोडता, निदान रेषा ओलांडून किंवा एखाद्यास स्पर्श करून परतावयाचे; समोर सहा वा सात रक्षक असतील तर निदान रेषेपलीकडची बोनस रेषा ओलांडून पाऊल टेकविल्याचा आणखी एक गुण. पाहणाऱ्याचे डोळे चढाईपटूवर खिळलेले असतात. पण जाणता प्रेक्षक कोपरारक्षकाचे पाय पाहतो. हा कोपऱ्यातला गडी शेजाऱ्याचा हात धरून साखळीत उभा असतो, चढाईपटू आत येईल तसा मागे सरतो, आणि ज्या क्षणी चढाईपटूचा भार त्याच्या पुढच्या पायावर पडतो, नेमक्या त्याच क्षणी हात सोडून घोट्यावर झेपावतो. क्षणभर आधी झेपावला तर फुकट बाद, क्षणभर उशीर झाला तर चढाईपटू मध्यरेषेवर. सारा संघ बाद झाला की प्रतिपक्षास लोणाचे दोन गुण अधिक मिळतात, आणि सातही गडी पुन्हा मैदानात येतात. म्हणूनच या खेळात मोठी आघाडीसुद्धा पाहता पाहता वितळते.

या पकडीच्या शास्त्रात इराण्यांनी जे प्रावीण्य मिळविले, ते पाहून महाराष्ट्रातले जुने खेळाडूही चकित झाले. गोरगान ज्याची राजधानी आहे त्या गोलेस्तान प्रांतातला फजल अत्राचली प्रो कबड्डीत यू मुंबाचा कर्णधार झाला, आणि डाव्या कोपऱ्यातील त्याची पकड शिवाजी पार्क ते वाडिया पार्कपर्यंतच्या पोरांनी घोकून घेतली. मग आले २०१८ सालचे जकार्ता. १९९० पासून सात वेळा सलग सुवर्णपदक मिळविणारा भारतीय पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून १८-२७ असा हरला, आणि दुसऱ्याच दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

स्वतःच्या देशाविरुद्ध शिकविल्याची कुरकुर त्या वेळी कानावर आली. मला ती अन्यायाची वाटते. परक्या देशात, परक्या भाषेत, कामापुरती फारसी आत्मसात करून, योगासने आणि प्राणायाम यांची जोड देऊन त्यांनी त्या मुलींचा संघ उभा केला. बुवा साळवींच्या पिढीने जे काम प्रांताप्रांतांत केले तेच त्यांनी सीमेपलीकडे केले. खेळ शिकविणाऱ्याने तो अर्धाच शिकवावा, ही अपेक्षा कोणत्या गुरूच्या धर्मात बसते? आणि ज्या स्पर्धेत पराभवाची शक्यताच नाही तिला अजिंक्यपद तरी कशाच्या आधारे म्हणावयाचे?

पराभवाने भारतीय संघ शहाणा झाला, हे जून २०२३ मधील बुसानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दिसले. पवन सेहरावतच्या नेतृत्वाखालील त्या संघात आपल्या जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता. अंतिम सामन्यात भारताने इराणला ४२-३२ असे हरविले. ऑक्टोबरमध्ये हांगझूच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले, आणि एका चढाईवरून उद्भवलेल्या वादाने दीर्घकाळ खोळंबलेला तो सामना भारताने ३३-२९ असा जिंकला, तेव्हाही अस्लम संघात होता. पुढे मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळविले. त्या पलटणीच्या बचावाचा कणा होता इराणचा मोहम्मदरेझा शादलू. बुसान आणि हांगझूत जे परस्परांना बाद करीत होते, ते पुण्याच्या बालेवाडीत एकाच साखळीत हात गुंफून उभे राहिले. त्याच महिन्यात नगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची सत्तरावी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि राष्ट्रीय संघाची निवड ज्या खेळाडूंतून व्हावयाची ते देशभरातले चढाईपटू जिल्ह्यातल्या लोकांनी हाकेच्या अंतरावरून पाहिले.

मुलींसाठी तसा सोहळा येथे लवकर घडून यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. कारण महिला गटातच आता खरी चुरस आहे. मार्च २०२५ मध्ये तेहरानला झालेल्या महिलांच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राची सोनाली शिंगटे भारताची कर्णधार होती. इराणच्या राजधानीत, इराणच्याच संघाविरुद्ध तिच्या संघाने अंतिम सामना ३२-२५ असा जिंकला. हे सात गुणांचे अंतर एका लोणाच्या उलथापालथीत भरून निघण्याजोगे आहे, आणि पुढील आशियाई स्पर्धेचे सराव शिबिर ज्यांच्या हाती असेल त्यांनी आपला हिशेब येथूनच मांडावयास हवा.