पिंपरी कॅम्प ते चाकण : परक्यांसाठीचे कायदे

पिंपरी कॅम्पाची बाजारपेठ फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी उभी केली. नाशिक फाट्यावरून पुढे गेले की चाकण. तिथल्या कारखान्यांत परदेशी अभियंते नोकरीच्या व्हिसावर काम करतात. एक आपला म्हणून राहिला, दुसरा मुदत संपली की परत जातो. हा फरक ठरवणारे कायदे टप्प्याटप्प्याने घडत गेले.

१९४७ मध्ये कराचीहून बोटीने मुंबईला उतरणाऱ्याला परवाना लागत नव्हता. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचे झाले. घटनेच्या कलम ६ ने हीच तारीख धरली. स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असेल आणि माणूस या तारखेआधी येऊन इथेच राहिला असेल, तर तो आपोआप नागरिक. नंतर आलेल्याने सहा महिने राहून, अर्ज करून नोंदणी करून घ्यायची. म्हणजे जूनमध्ये आलेला भाऊ आणि ऑगस्टमध्ये आलेला भाऊ यांच्यासाठी नियम वेगळे. भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट लागू लागला तो १९५२ च्या ऑक्टोबरपासून.

त्याच काळात १९४६ चा परकीय नागरिक कायदा लागू होता. तो ब्रिटिशांच्या अमदानीतला, त्यामुळे जन्माने ब्रिटिश प्रजाजन असलेला माणूस त्यात परका ठरतच नसे. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला पाकिस्तानीही त्यामुळे या व्याख्येबाहेर राहिला. १९ जानेवारी १९५७ पासून व्याख्या बदलली : जो भारताचा नागरिक नाही, तो परका. या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मला हाच वाटतो. याच कायद्याचे कलम ९ सांगत असे की आपण परके नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचे. एरवी आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. इथे उलटे आहे. ज्याच्या घरात जुने कागद नाहीत त्याला हे फार जड जाते.

सिंधमधून माणसे नंतरही येत राहिली. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचा अधिकार डिसेंबर २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. त्यांत पुणेही होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर केली. मुस्लिमांना त्यातून वगळले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

चाकणची गोष्ट २००९ पासून वेग घेते. फोक्सवॅगनचा प्रकल्प त्या वर्षी सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही तिथे आली. त्याच वर्षी केंद्राने बिझनेस व्हिसावर येऊन प्रत्यक्ष काम करण्यावर निर्बंध घातले. नोकरीचा व्हिसा कुशल माणसालाच मिळतो, आणि पगार सामान्यतः वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये असावा लागतो. परदेशी खाद्यपदार्थ बनवणाऱ्या त्या-त्या देशातल्या आचाऱ्याला आणि इंग्रजीखेरीज अन्य परदेशी भाषांच्या शिक्षकाला पगाराच्या अटीतून सूट आहे. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. ती २०१८ पासून ऑनलाइन होते.

परकीयांच्या प्रवेशाशी व वास्तव्याशी संबंधित १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे रद्द करून १ सप्टेंबर २०२५ पासून एकच कायदा लागू झाला. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुराव्याची जबाबदारी मात्र जिथे होती तिथेच राहिली.

वाकड, पिंपळे सौदागर, चाकण भागात परदेशी पाहुण्याला किंवा भाडेकरूला जागा देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : तो राहायला आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे हे जागा देणाऱ्याचे काम आहे. ते एजंटावर सोपवून मोकळे होऊ नका.