दरवेळी ‘पित्त’च नसते

जुन्नर तालुक्यातील बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. अशाच एका सोमवारी सत्तरीतल्या एका शेतकऱ्याला त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणले. चहा पिऊन उठता उठता ते कोसळले होते. कुणी कांदा हुंगवला, कुणी तोंडावर पाणी मारले. दोनेक मिनिटांत शुद्ध आली. मुलगा म्हणाला, ‘‘आबांचं पित्त खवळलंय, डॉक्टर. आठ दिवस जेवण जात नाही, मळमळतंय. उपाशीपोटी बाजाराला आले, म्हणून चक्कर आली.’’

पापण्या आतून पांढऱ्याफटक, नाडी जलद. झोपून घेतलेला रक्तदाब ठीक होता. बसवल्याबरोबर तो खूप उतरला. मुलाला औषध आणायला पाठवून मी विचारले, ‘‘आबा, परसाकडला कशी होतेय?’’ थोडे संकोचून ते म्हणाले, ‘‘चार दिस झाले, काळी. डांबरावानी.’’ गुडघ्यांसाठी महिनाभर ते दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खात होते. शिवाय हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन चालूच होती. जठरातल्या जखमेतून रक्त जात होते. वेळेवर रक्त मिळाले, दुर्बिणीतून उपचार झाले आणि आबा वाचले. आणखी दोन दिवस ‘पित्ताची गोळी’ देत बसले असते, तर कदाचित वाचले नसते.

जठराच्या अस्तराला आम्लापासून जपणारे काही पदार्थ शरीर स्वतः तयार करते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या वेदना कमी करताना हे संरक्षणही कमी करतात. वयस्कांमध्ये पोटात फारसे न दुखताही जखम वाहू लागते. पोटातले रक्त पचनमार्गातून जाताना काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

चक्कर आणि पोटाची तक्रार यांची जोडी इतर कारणांनीही जमते. जुलाब होत असताना रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी नेहमीसारखी घेतली, तर रक्तदाब कोसळू शकतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर साखर उतरते. बद्धकोष्ठतेत जोर लावल्याने आणि काहींना भरपेट जेवणानंतरही भोवळ येते. सर्वांत फसवा तो हृदयविकार. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा प्यायलेल्या माणसाचा ईसीजी काढावा, तर हृदयविकाराचा झटका निघतो. मधुमेहींना आणि वयस्कांना छातीत न दुखताही नुसती मळमळ, घाम आणि चक्कर एवढेच जाणवू शकते.

घरात कुणी कोसळले तर आडवे झोपवा आणि पाय थोडे उंच करा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणीही घालू नका. मधुमेही असतील, तर शुद्धीवर आल्यावर साखरपाणी द्या. लगेच शुद्ध आली नाही, काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, घाम फुटला किंवा दम लागला, तर १०८ला फोन करा. शुद्ध आली तरी उतारवयातल्या पहिल्या भोवळीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, दुकानातून आणलेल्याही. हृदयाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आपल्याकडे वडिलांना ‘जेवलात का’ हे रोज विचारतात; शौचाला कशी होते, हे कुणी विचारत नाही. सून-मुलांसमोर तेही बोलत नाहीत. आबांनी चार दिवस ते मनातच ठेवले होते. मी त्यांना का सांगितले नाहीत, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘कुणी इचारलंच न्हाई.’’