ब्रेक, स्टिअरिंग आणि किमची : कोरियाच्या ‘मांडो’ कंपनीची कहाणी

शर्टावर लेबल एकाचे असते. सूत मात्र दुसऱ्याचे, विणकाम तिसऱ्याचे आणि बटणे चौथ्याची. मोटारीचेही तसेच आहे. ह्युंदाईच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर रोज दिसतात, पण गाडी थांबवणारा ब्रेक आणि वळवणारे स्टिअरिंग पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यातून आलेले असते. अशा कारखानदारांपैकी कोरियातील एक मोठे नाव म्हणजे ‘मांडो’. ही कंपनी एकदा हातातून गेली आणि पुन्हा मिळवली गेली. म्हणून तिची हकीकत व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे.

धाकट्या भावाचा कारखाना

ह्युंदाई समूहाचे संस्थापक चुंग जू-युंग यांचे धाकटे बंधू चुंग इन-युंग. १९५० साली कोरियन युद्ध पेटले तेव्हा ते अमेरिकन सैन्याकडे दुभाषी म्हणून लागले. या ओळखीतून थोरल्या भावाच्या बांधकाम कंपनीला सैन्याची कामे मिळाली. पुढे १९६२ मध्ये इन-युंग यांनी ‘ह्युंदाई यांगहेंग’ ही कंपनी काढली आणि आन्यांग येथे कारखाना उभा केला. १९६७ मध्ये ह्युंदाई मोटारची स्थापना झाली. कोरियात मोटारी बनू लागल्यावर सुट्या भागांची गरज पडली आणि हा धंदा वाढत गेला.

१९८० मध्ये पहिला तडाखा बसला. लष्करी राजवटीने अवजड उद्योगांची फेररचना केली आणि चांगवोन येथील प्रचंड कारखाना इन-युंग यांच्या हातून गेला. उरला तो मोटारीच्या भागांचा धंदा. त्यालाच ‘मांडो मशिनरी’ हे नाव मिळाले. माणूस करू शकतो, या अर्थाच्या ‘मॅन डू’ या इंग्रजी शब्दांवरून हे नाव घेतल्याचे सांगतात. याच पायावर त्यांनी ‘हाला’ समूह उभारला. १९८९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी देशोदेशी कामाचे दौरे चालूच ठेवले.

माल काय बनतो?

मांडोचा मुख्य माल तीन प्रकारचा आहे : ब्रेक, स्टिअरिंग आणि धक्के सोसणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. थोडक्यात, गाडी थांबवणे, वळवणे आणि सावरणे. यात चुकीला माफी नाही.

ए.बी.एस. ब्रेकचे उदाहरण घ्या. साध्या गाडीत जोराने ब्रेक दाबला की चाक जाम होते, गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. ए.बी.एस.मध्ये प्रत्येक चाकाचा वेग सेन्सर मोजतो. चाक जाम होण्याच्या बेतात आले की ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर कमी करून पुन्हा वाढवला जातो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. त्यामुळे गाडी थांबत असतानाही चालकाच्या ताब्यात राहते.

स्टिअरिंगही बदलले. पूर्वी त्याला तेलाच्या दाबाची मदत असे, आता विजेची मोटर मदत करते. अलीकडे या कंपनीने ब्रेकचे निरनिराळे भाग एकाच संचात बसवले आहेत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना त्याचा विशेष उपयोग होतो.

याच कंपनीची आणखी एक करामत ऐकण्यासारखी आहे. मोटारीचे एअर कंडिशनर बनवणाऱ्या या लोकांनी १९९५ मध्ये ‘दिमचे’ नावाचा फ्रीज बाजारात आणला. कोबी, मुळा आंबवून केलेली किमची कोरियात रोजच्या जेवणात लागते. जमिनीत पुरलेल्या रांजणात ती जशी एकसारख्या थंडाव्यात टिके, तशी या फ्रीजमध्ये टिकू लागली. फ्लॅटमध्ये रांजण पुरायला जागा कुठली? गिऱ्हाईकाची नड नेमकी ओळखली गेली आणि हा फ्रीज घराघरांत पोहोचला.

नफ्यातली कंपनी बुडाली

१९९७ च्या डिसेंबरात हाला समूहाचे दिवाळे निघाले. मांडोचा धंदा चांगला चालला होता. पण समूहाने कर्ज काढून यंगाम येथे मोठी गोदी उभारली होती आणि समूहातील कंपन्या एकमेकींना जामीन होत्या. आशियातील आर्थिक संकटात बँकांनी हात आखडला. गोदीच्या ओझ्याने मांडोही खाली ओढली गेली.

याची झळ कामगारांना सोसावी लागली. नोकरकपातीविरुद्ध त्यांनी संप केला, तेव्हा सप्टेंबर १९९८ मध्ये पोलिस कारखान्यांत शिरले आणि मोठ्या संख्येने कामगारांची धरपकड झाली. १९९९ मध्ये कंपनीचे तुकडे करून ते विकले गेले. विजेच्या भागांचा कारखाना फ्रान्सच्या व्हॅलिओकडे गेला. एअर कंडिशनर आणि किमची-फ्रीजचा विभाग वेगळा झाला. ब्रेक-स्टिअरिंगची मुख्य कंपनी परदेशी गुंतवणूकदारांच्या हाती गेली.

इन-युंग २००६ मध्ये निवर्तले. कंपनी परत आलेली त्यांना पाहता आली नाही. त्यांचे चिरंजीव चुंग मोंग-वॉन यांनी २००८ मध्ये ती पुन्हा विकत घेतली. त्या खरेदीत काकांच्या केसीसी कंपनीचाही सहभाग होता. २०१० मध्ये मांडोचे शेअर पुन्हा बाजारात आले. २०२२ मध्ये समूहाने ‘एचएल’ हे नाव घेतले आणि कंपनी ‘एचएल मांडो’ झाली.

आपल्या देशात

ह्युंदाईने १९९६ मध्ये भारतात कंपनी स्थापन करून चेन्नईजवळ कारखाना उभारला. पाठोपाठ १९९७ मध्ये मांडोही तेथे आली. बडा गिऱ्हाईक जिथे जातो तिथे माल पुरवणाराही जातो. २०२३ मध्ये ह्युंदाईने पुण्याजवळील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला. त्यामुळे सुट्या भागांचा धंदा करणाऱ्या आपल्याकडील होतकरू तरुणांनी ही साखळी ओळखून घ्यावी.

आणि एक गोष्ट गाठीशी बांधावी. कापडाच्या बाजारातही चालते दुकान मंदीपेक्षा दुसऱ्याच्या कर्जाला दिलेल्या सहीने लवकर बसते. मांडोच्या ब्रेकमध्ये खोट नव्हती. खोट होती ती जामिनाच्या कागदात. माल चोख ठेवावाच, पण सही करताना हात त्याहून आवरता ठेवावा.